लाल जंपर

तेंडोलकर मास्तरांच्या गाडीतून उतरलेला माणूस आधी स्वतःला चाचपून बघायचा आणि मग आभार मानायचा. काही जण दुसरी गोष्ट विसरत.

गाडी मारुती होती, अगदी सुरुवातीच्या वर्षांतली, मागे पाटे असलेली. मुंबईच्या कुणा हौशी तरुणाने ती रॅलीत पळवली होती. त्याने पुढच्या स्प्रिंगा कापून आखूड केल्या, मागे एक पाटा जादा घातला, दारांवर लाल पट्टे ओढले आणि लग्न ठरल्यावर ती विकायला काढली. मास्तरांनी ती अठ्ठ्याऐंशी साली घेतली, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. वेंगुर्ल्याहून सिल्वासाला येऊन, विज्ञान शिकवता शिकवता त्यांचं अर्धं आयुष्य संपलं होतं आणि त्या आयुष्यात कुणालाही न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

खानवेलच्या वळणांवर ती गाडी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटायची. मास्तर तिथे जरा तरुण दिसत. सरळ रस्त्यावर मात्र तिला प्रत्येक खडा कळायचा आणि तो ती बसणाऱ्याला कळवायची. रस्त्यात पडलेलं नाणं छापा आहे की काटा, हे मास्तरांना सीटवरून सांगता येतं, असं शाळेच्या स्टाफरूममध्ये म्हणत. मास्तर हसत नसत. त्यांना ते शक्य कोटीतलं वाटे.

त्यांच्या बायकोला, शैलजाबाईंनाही हसू येत नव्हतं. त्यांचा मणका सरकला होता. कमरेला पट्टा बांधून त्या घरात वावरत, आणि दोन वर्षांपूर्वी वापीहून परत येताना मसाटच्या फाट्यावर त्या गाडीतून उतरल्या, थर्मास काखेत मारून कारखान्याच्या बसमधून घरी आल्या, त्या पुन्हा गाडीत बसल्याच नाहीत. भांडण असं झालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की गाडी तुमची आहे, कंबर माझी आहे, ज्याने त्याने आपापलं सांभाळावं.

हे असंच चाललं असतं. पण सत्त्याण्णवच्या मे अखेरीस मास्तर निवृत्त होणार होते. शाळा उघडायच्या आत क्वार्टर सोडायचं आणि वेंगुर्ल्याच्या घरी जायचं. सामान टेम्पोतून जाणार, हे ठरलं होतं. माणसं कशी जाणार, ते ठरत नव्हतं. मास्तरांच्या डोक्यात ते दोघं गाडीने जात होते, वाटेत थांबत थांबत. शैलजाबाईंच्या डोक्यात मास्तर गाडीने जात होते आणि त्या एस.टी.ने.

"मी आधी पोचेन," त्या म्हणाल्या होत्या, "आणि तुम्ही आलात की तुम्हाला उतरवून घेईन."

मसाटच्या सूतकारखान्यात ललित नावाचा एक इंजिनिअर होता. त्याला ही गाडी हवी होती, असल्याच कारणासाठी, पळवायला. तो मास्तरांना भेटेल तिथे विचारायचा. मास्तरांनी त्याला महिन्यातल्या शेवटच्या रविवारी ये, काय ते सांगतो, असं कळवलं आणि घरी येऊन सांगितलं की तू बसणार नसशील तर गाडी ठेवून तरी काय करू. शैलजाबाईंनी हे ओझं डोक्यावर घ्यायला नकार दिला. विकायची तर विका, म्हणाल्या, माझ्या पाठीवर पावती फाडू नका. मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, त्यांनी अट सांगितली. गाडी मऊ करून आणा. मऊ झाली म्हणून तुम्ही सांगायचं नाही, विरजण सांगेल.

हलवलेलं विरजण लागत नाही, हे विज्ञानाच्या मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. सकाळी कोमट दुधाला विरजण लावायचं, भांडं पुढच्या सीटवर ठेवायचं, गाडी फिरवून आणायची. मे महिन्यात बंद गाडीत दही दुपारपर्यंत लागतं. लागलं तर शैलजाबाई बसणार.

सुकदेव मेस्त्रीचं गॅरेज मसाटच्या रस्त्यालगत एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. सुकदेव शिरपूरकडचा. कारखान्यात कामाला आला होता. कारखाना आवडला नाही म्हणून गाड्यांकडे वळला आणि आता त्याही आवडत नव्हत्या. नऊ वर्षं तो मास्तरांच्या गाडीखाली झोपत होता, पण झोप अशी कधी लागली नव्हती.

मास्तरांची अट ऐकून तो गाडीच्या पुढे गेला. त्याने बोनेट दोन्ही हातांनी दाबून सोडलं. गाडी हललीच नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "ही गाडी बुढी झाली. तुमी बी झाले. दोघायला आता गादी पायजे, अन् तुमी दोघं बी पाटावर बसून राहाता."

मास्तरांनी त्याला सांगितलं की मऊ कर, पण वळणावर कलता कामा नये. सुकदेवने विचारलं, मंग करू का नको? मास्तर म्हणाले, कर. पण कलता कामा नये.

पहिल्या खेपेला सुकदेवने सगळे रबरी बुश बदलले, पाट्यांच्या मधे ग्रीस भरलं आणि टायरमधली हवा थोडी कमी केली. चाकांना सुतळी लावून ती सरळ आहेत की नाहीत ते पाहिलं. मास्तर भांडं घेऊन रांधा गावापर्यंत जाऊन आले. घरी शैलजाबाईंनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि रवी न वापरता निघालेलं लोणी चमच्याने बाजूला काढून ठेवलं. त्या दिवशी जेवणात ताक होतं. मास्तर मुकाट्याने दोन वाट्या प्यायले.

दुसऱ्या खेपेला सुकदेवने मागचा जादा पाटा काढला आणि पुढे एका मोडीत निघालेल्या गाडीच्या न कापलेल्या, लांब स्प्रिंगा घातल्या. गाडी वर उठली. आता तिला खडा लागत नव्हता. तिला काहीच लागत नव्हतं. ब्रेक मारला की ती नाक खाली घालून विचार करत बसे आणि वळणावर इतकी झुके, की मास्तरांना वेंगुर्ल्याच्या खाडीतली होडी आठवली. खानवेलच्या तिसऱ्या वळणानंतर ते गाडी बाजूला घेऊन उतरले आणि एका सागाला धरून उभे राहिले. विज्ञानाच्या मास्तरांना स्वतःच्याच गाडीत मळमळलं, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. दह्याने सांगितली. ते झाकणातून वर येऊन पुढच्या सीटवर सांडलं होतं.

सीट धुताना मास्तरांना पहिल्यांदा वाटलं की आपण थकलो. निवृत्ती येते म्हणून नव्हे. कडक ठेवली तर बायको बसत नाही आणि मऊ केली तर आपल्याला बसवत नाही. या दोन्हींच्या मधे कुठेतरी एक गाडी असणार, आणि ती शोधायला आता कंबर आपलीही राहिलेली नाही.

सुकदेवचं म्हणणं पडलं की स्प्रिंगांचा दोष नाही, जंपर मेलेत. गाड्यांच्या धंद्यात तिकडे शॉक अॅब्सॉर्बरला जंपर म्हणतात. दुकानदार गुजराती, गिऱ्हाईक हिंदी, मेस्त्री खानदेशी, पण जंपर म्हटलं की तिघांना कळतं. नवे जंपर वापीला मिळतील, मग गाडी डोलणार नाही. शुक्रवारी दोघं वापीला गेले.

दुकानात दोन प्रकार होते. काळे आणि लाल. काळे साधे, घरगुती. लाल आखूड, कडक, हौशी लोकांसाठी. मास्तरांनी काळे मागितले. दुकानदार आत गेला तेव्हा त्यांनी लाल हातात घेऊन पाहिले. दांडा दाबला. तो सावकाश आत गेला आणि सावकाश, कुणाचंही न ऐकता, बाहेर आला.

मास्तरांनी तिथे उभ्या उभ्या एक सिद्धान्त मांडला. गाडी नाक घालते ती पुढून. म्हणजे पुढे लाल हवेत. मऊपणा पाहिजे तो मागे. तिथे काळे घालू. अर्धी गाडी माझी, अर्धी तिची. लाल आखूड असल्याने त्यांच्यावर जुन्या, कापलेल्या स्प्रिंगाच बसणार, हे ओघाने आलं. सुकदेवने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्याला भूक लागली होती. त्याने वाद घातला नाही.

काम वापीतच, दुकानामागच्या गॅरेजात करायचं ठरलं. उशीर होणार होता. मास्तरांनी सुकदेवला घरी निरोप द्यायला सांगितलं. मास्तरांकडे फोन नव्हता. शेजारच्या ममताकडे होता. ममता धुळ्याकडची, नवरा कारखान्यात पाळीला, म्हणून तिच्याकडे फोन. सुकदेवने पीसीओवरून ओरडून निरोप दिला आणि ममताने तो कुंपणावरून शैलजाबाईंना जसाच्या तसा पोचवला.

मास्तरांनी वापीला जंपर घेतले. लाल घेतले. जरा आखूड आहेत, पण टाईट बसतील. जुने फार ढिले झालते, ते आता ठेवू नका. उशीर होईल, जेवून घ्या.

"काकू," ममता वर म्हणाली, "काका तं लईच हौशी निघाले."

शैलजाबाईंच्या माहेरी, सासरी आणि त्यांच्या वयाच्या सगळ्याच बायकांत झंपर म्हणजे अंगात घालायचा ब्लाऊज. तारेवरून ओरडून आलेल्या निरोपात ज काय आणि झ काय. त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. लग्नानंतर मास्तरांनी स्वतःहून घरात कापड आणल्याचा एकच दाखला होता आणि ते पडद्याचं निघालं होतं. त्यात लाल म्हणजे जरा अतीच. पण त्या जिथे अडल्या, ती गोष्ट रंगाची नव्हती. जुने फार ढिले झालते. दुखण्यात त्या वाळल्या होत्या, हे खरं होतं. झंपर खांद्यावरून उतरत, त्या आतून टाचणी लावत. कुणाला कळलं नव्हतं. डॉक्टरलाही नाही. हा माणूस वर्तमानपत्राच्या वरून बघतो तरी केव्हा, असं त्यांच्या मनात आलं.

दुपारी भांडी घासायला सरुबाई आली. ती जवळच्या पाड्यावरची, तोंडाने कमी आणि भांड्यांनी जास्त बोलणारी. शैलजाबाईंनी तिला दोन जुने झंपर काढून दिले आणि लालवर जाईल अशी अंजिरी साडी इस्त्रीला काढली. जेवल्या मात्र नाहीत.

दिवेलागणीला मास्तर आले. हात काळे, चेहरा समाधानी, हातात पुडकं वगैरे काही नाही.

"दाखवा," शैलजाबाई म्हणाल्या.

मास्तरांना भरून आलं. इतक्या वर्षांत तिने गाडीतलं काही दाखवा म्हटलं नव्हतं.

"बाहेर चल," ते म्हणाले. "घातलेसुद्धा मी."

"तुम्ही घातलेत?"

मास्तर तोवर अंगणात गेले होते. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. चाक तिरकं बाहेर आलं आणि त्याच्या मागे, चिखलाच्या पत्र्याआड, लालभडक नळकांडं दिसलं. शैलजाबाईंना वाकता येत नव्हतं, त्यांनी ते उभ्यानेच पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे जंपर."

"हो. दोन्ही बाजूंना."

"आखूड आहेत."

"आखूडच हवेत. जुने पार ढिले झाले होते."

"कळलं. त्यातले दोन सरुबाईला दिले मी."

सरुबाई जुन्या जंपरचं काय करणार, असं मास्तरांनी विचारलं. घालेल, असं उत्तर आलं. मास्तरांना ते नीट लागलं नाही, पण दिवस चांगला चालला होता म्हणून त्यांनी खोदलं नाही.

"मऊ कुठे आहे?" शैलजाबाईंनी विचारलं.

"मागे. मागे काळे घातलेत. जादा पाटाही काढलेलाच आहे. मागे अगदी गादी झालीय."

"मी कुठे बसते?"

उत्तर येत नसेल तर प्रश्न पुन्हा वाचा, असं मास्तर मुलांना सांगत आले होते. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. शैलजाबाई तोवर आत गेल्या होत्या. अंजिरी साडी घडी करून कपाटात गेली. ताटं वाढली गेली. दोघं जेवली आणि त्या जेवणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शनिवारी सकाळी मास्तर ओसरीवर दाढी करत असताना सरुबाई आली. तिच्या अंगात शैलजाबाईंचा जांभळा झंपर होता. ती मास्तरांसमोर थांबली, एरवी थांबत नसे. तुम्ही निरोप धाडला म्हणून मला भेटला, असं म्हणाली आणि आत गेली.

मास्तरांचा वस्तरा गालावर थांबला. निरोप. जंपर. लाल, आखूड, टाईट. त्यांनी उरलेली दाढी कशी केली ते त्यांना नंतर आठवलं नाही. चेहऱ्यावरून दिसत होतं.

ते तडक सुकदेवकडे गेले आणि त्याला फैलावर घ्यायला सुरुवात केली. सुकदेव गाडीखालून बाहेर आलाच नाही. जंपरला जंपर नको म्हनू तं काय म्हनू, असा आवाज खालून आला. मास्तरांनी पुढचे लाल काढून काळे घाल म्हणून सांगितलं. पुढचे काळे वापीत काल संपले, आता मंगळवारी येतील, सुकदेव म्हणाला. ललित उद्या येणार होता. मास्तर टायरच्या चवडीवर बसून राहिले. सुकदेवने चहा मागवला. दोघांनी तो बशीत ओतून प्यायला.

घरी येताना त्यांच्या डोक्यात मात्र दुसरंच काही घोळत होतं. तो झंपर. सरुबाईच्या अंगात तो नेमका बसला होता. शैलजाने तो ढिला होतो म्हणूनच देऊन टाकला होता. सरुबाई म्हणजे काडी. शैलजाचा कपडा सरुबाईला तंबूसारखा व्हायला हवा. दोन मापांवरून तिसरं काढायला त्यांनी कितीतरी पिढ्यांना शिकवलं होतं. त्यांनी गाडी कुंपणाशी लावली आणि आत गेले.

शैलजाबाई सामानाच्या खोक्यात वर्तमानपत्रं कोंबत होत्या.

"तू सरुबाईहून वाळलीस," मास्तर म्हणाले.

"दोन वर्षं झाली."

"मला दिसलं नव्हतं. आत्ता कळलं, तिच्याकडे बघून."

शैलजाबाईंनी एक पेला कागदात गुंडाळला. मग तो पुन्हा उलगडून दुसऱ्या कागदात गुंडाळला.

"खोटं तरी बोलायचं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सांगितलं की उद्या ललितला किल्ली देतो. गाडी आता पुरे झाली. आपण दोघं एस.टी.ने जाऊ. हे त्यांनी हौतात्म्याच्या सुरात म्हटलं नाही. त्या सुराला जी ताकद लागते, ती नव्हती. शैलजाबाई पेले गुंडाळत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी दूध मात्र थोडं जास्त घेतलं.

रविवारी सकाळी ललित आला. धुतलेला शर्ट, सोबत एक मित्र. त्याने येताक्षणी बोनेट दाबून सोडलं, चाकामागे डोकावला आणि लाल रंग पाहून मित्राला कोपराने ढोसलं. मास्तर किल्ली घेऊन पायरीवर आले. किल्ली त्यांनी मुठीत धरली होती, अगदी घट्ट नाही, पण उघडलीही नव्हती.

तेवढ्यात शैलजाबाई बाहेर आल्या. कमरेला पट्टा, अंगावर अंजिरी साडी, हातात झाकण लावलेलं भांडं. त्या ललितला ओलांडून गाडीकडे गेल्या, मागचं दार उघडलं, आधी भांडं ठेवलं, मग पट्टा सावरत आत बसल्या आणि दार ओढून घेतलं.

"ललित, आज जमणार नाही," त्या काचेतून म्हणाल्या. "आम्हाला बाहेर जायचंय."

ललितने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर गाडीकडे पाहत होते. मग कधी येऊ काकू, असं त्याने विचारलं.

"वेंगुर्ल्याला ये. आंब्यांच्या दिवसांत ये."

मास्तर पुढे जाऊन बसले. बाजूची सीट रिकामी होती. मागे साहेबीण बसावी तशी त्यांची बायको बसली होती आणि ते ड्रायव्हर दिसत होते. ललितच्या मित्राने त्यांना गेट उघडून दिलं.

खानवेलच्या रस्त्यावर मास्तरांना प्रत्येक खडा नेहमीसारखा कळत होता. त्यांनी मागे कसं काय म्हणून विचारलं. चालवा, असं उत्तर आलं. वळणं आली. गाडी कलली नाही. मास्तरांनी आरसा जरासा खाली केला.

"आरशात बघू नका," मागून आवाज आला. "रस्त्याकडे बघा. कंबर मागे आहे."

खानवेलला त्यांनी सागाच्या सावलीत गाडी उभी केली, काचा वर केल्या, बाहेर बसून उसाचा रस प्यायले आणि दही लागायची वाट पाहिली. परत येताना किलवणी नाक्यावर मास्तरांनी गाडी कापडाच्या दुकानासमोर थांबवली आणि एकटेच आत गेले. ब्लाऊजपीस, ते दुकानदाराला सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले. झंपर हा शब्द त्यांनी पुन्हा तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं होतं. रंग विचारल्यावर ते अडले. मग लाल म्हणाले. निरोप गेलाच होता, तो खरा करणं एवढंच हातात होतं.

पुडकं त्यांनी बाजूच्या सीटवर ठेवलं. घराजवळच्या मोरीवर पुढची चाकं आदळली, पुडकं सीटवरून उडालं आणि खाली पडलं.

"राहू द्या," शैलजाबाई म्हणाल्या. "ते पुढे आहे ना, उडणारच."

दारात गाडी थांबल्यावर त्यांनी झाकण काढलं. मास्तरांनी मान वळवून पाहिलं. दही लागलं होतं. घट्ट, वर पाणीही सुटलं नव्हतं. फक्त एका बाजूने चढलेलं आणि दुसऱ्या बाजूने उतरलेलं होतं, छपरासारखं.

"तिरकं आहे," मास्तर म्हणाले. "मागची डावी बाजू बसली असणार. किंवा मी उतारावर उभी केली. उद्या सुकदेवला दाखवतो."

शैलजाबाईंनी भांडं कलतं करून पाहिलं. दही हललं नाही. त्या सावकाश, आधी एक पाय, मग दुसरा, अशा उतरल्या, आणि त्यांनी स्वतःला कुठेही चाचपून पाहिलं नाही.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "निरोप मात्र तुम्ही स्वतः द्या."